विमानं दिसली, वायुदल दिसलंच नाही

माहितीपट सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तोच पडद्यावर पुष्पक विमान अवतरलं. त्यामागोमाग शिवकर बापूजी तळपदे, गिरगाव चौपाटी, १८९५ साल आणि 'राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी त्यांनी विमान उडवलं' हे ठरलेलं वाक्य. शेजारी बसलेल्या अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अण्णा वायुदलात वीस वर्षं इंजिन फिटर होते. सार्जंट म्हणून निवृत्त झाले, आता तासगावकडं थोडी द्राक्षबाग बघतात. "लष्करी विमानांवरचा आहे ना रे हा?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, थांबा अण्णा, पुढं येईल.

पुढं बरंच काही आलं. नव्वद मिनिटं ढोल, ढगांतून सुसाटणारी विमानं आणि घोगऱ्या आवाजातलं निवेदन. सांगलीतल्या त्या सभागृहात निम्म्या खुर्च्यांवर शाळेची मुलं होती; त्यांना बसमध्ये घालून आणलं होतं. शेवटी टाळ्या झाल्या. बाहेर पडताना अण्णा एवढंच म्हणाले, "एकाच्याही हातात पाना दिसला नाही."

मी त्या माहितीपटाचं नाव लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत याच साच्यातले चार-पाच पाहिलेत आणि एकाचं नाव झाकलं तर दुसऱ्याला फरक पडणार नाही. प्रश्न एका दिग्दर्शकाच्या कुवतीचा असता तर चहा पिऊन विसरून गेलो असतो. पण लष्करी विमानविद्येचा इतिहास म्हणून मुलांना हेच दाखवलं जातंय आणि घरटी कुणी ना कुणी फौजेत असलेल्या आपल्या भागात ते कौतुकानं पाहिलं जातंय. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी किरकोळ तक्रारी उरकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या इंफाळच्या लढाईचं निवेदन चालू असताना पडद्यावर विमानवाहू जहाजावरून उडणारी अमेरिकी कॉर्सेअर विमानं होती. इंफाळला समुद्र आहे हे मला त्या दिवशी कळलं. १९६५च्या युद्धातल्या नॅट या आपल्या लढाऊ विमानाच्या जागी ब्रिटिशांच्या रेड अ‍ॅरोज या कसरत पथकाचं नॅट होतं. लाल रंग झाकायला चित्र कृष्णधवल केलेलं. या चुका विमानवेड्यांनाच टोचतात, मान्य. पण नॅट आणि हंटर या दोन विमानांतला फरक ज्याला ओळखावासा वाटत नाही, तो १९६२ आणि १९६५ यांतला फरक ओळखायच्या भानगडीत पडणार नाही, अशी शंका तिथंच यायला लागते. ती खरी ठरली.

तळपद्यांचं आधी बोलू, कारण त्यावर बोललं की लोक अंगावर येतात. त्यांच्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा आजवर पुढं आलेला नाही. प्राचीन म्हणून ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्याची १९७४मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या सगळ्याला माहितीपटात तब्बल नऊ मिनिटं मिळाली. त्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९४२मध्ये विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा होती विष्णु माधव घाटगे यांच्याकडं. घाटगे मूळचे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. म्हणजे सांगलीहून निघालं की दुपारच्या जेवणाआधी पोचावं, इतक्या अंतरावरचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचं आधुनिक शास्त्र ज्यांनी उभं केलं, ते प्रांटल. घाटग्यांनी परत येऊन एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ५ ऑगस्ट १९५१ला ते उडालं आणि पुढं कित्येक वर्षं वायुदलातल्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर उडायला शिकल्या. घाटग्यांना नव्वद मिनिटांत शून्य सेकंद मिळाले. न उडालेल्या मराठी विमानाला नऊ मिनिटं आणि उडालेल्याला काही नाही, हा हिशेब कुठल्या अभिमानात बसतो?

सांगलीकरांनी तर जास्तच चिडायला हवं. विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ज्या वालचंद हिराचंद यांचं नाव त्या कॉलेजला आहे, त्यांनीच डिसेंबर १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभा केला? म्हैसूर संस्थानानं भागीदारी दिली, विल्यम पॉली नावाच्या अमेरिकी माणसानं यंत्रं आणि माणसं आणली. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलं, तेव्हा १९४२मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. उरलेल्या युद्धात तो कारखाना अमेरिकी विमानांचं दुरुस्तीकेंद्र झाला. पुढचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स याच मुळावरचं झाड.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कानपूरची. युद्ध संपल्यावर परत जाताना ब्रिटिशांनी लिबरेटर जातीची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं तिथल्या तळावर भंगारात काढली होती. ती पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोडही केली होती. स्वतंत्र भारताकडं जड बॉम्बफेकी विमान नव्हतं आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. बंगळुरूच्या कारखान्यातली माणसं कानपूरला गेली. या विमानाचं चाक काढ, त्याचा पंखा काढ, याला बसव, असं करत एकेक सांगाडा उडण्याजोगा केला. मग जमशेद मुन्शी नावाच्या चाचणी वैमानिकानं अशी सुमारे ४० विमानं एकामागून एक बंगळुरूला उडवत नेली. तिथं नीट दुरुस्त झालेली ही विमानं १९४८च्या अखेरीस वायुदलात दाखल झाली आणि १९६८पर्यंत टिकली. बुधगाव-कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये जुन्या लेथला जीव आणणाऱ्या कुठल्याही फोरमनला ही गोष्ट सांगा, तो हातातलं काम बाजूला ठेवून ऐकेल. माहितीपट करणाऱ्याला तिच्यात रस वाटला नाही, कारण तिच्यात स्फोट नाही.

अण्णांच्या पान्याचा अर्थ मला तिथं लागला. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला भारतीय वायुदलाचं पहिलं पथक उभं राहिलं तेव्हा विमानं होती चार, वापिटी जातीची. अधिकारी सहा होते आणि 'हवाई सिपाही' एकोणीस. माहितीपटानं अधिकाऱ्यांचे फोटो दाखवले. हवाई सिपाही हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. त्या एकोणिसांत हरजिंदर सिंग होते. लाहोरच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला हा माणूस शिपायाच्या जागेवर भरती झाला, विमानांची इंजिनं उलगडत राहिला आणि एअर व्हाइस मार्शल होऊन वायुदलाच्या देखभाल विभागाचा प्रमुख झाला. अशा माणसावर माहितीपट काढता येणार नसेल, तर कॅमेरा विकून टाकावा.

फौजेत जाणारं पोरगं म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं बंदूक येते किंवा लढाऊ विमान. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव आहे, सगळा जिल्हा त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मेले. साताऱ्यातच १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. या पट्ट्यातून वायुदलात गेलेल्यांतले बहुतेक जण मात्र कॉकपिटमध्ये बसलेले नाहीत. बेळगावच्या सांब्र्याला प्रशिक्षण घेऊन ते फिटर झाले, शस्त्रं सांभाळणारे आर्मरर झाले, रडारवर बसले, स्टोअर सांभाळलं. अण्णा सांगतात, पहाटे उड्डाणाआधी सगळ्यांनी एका रांगेत धावपट्टीच्या कडेनं चालायचं आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा दिसेल तो वेचायचा, कारण इंजिनानं एक खडा गिळला तरी पाती मोडतात. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी राहिली, तरी विमान जागचं हलत नाही. पाना सापडेपर्यंत शोधायचं. "एकदा रात्री दोन वाजेपर्यंत शोधला," ते म्हणाले. "सापडला माझ्याच बुटात." हे ऐकायला शाळेतली मुलं कंटाळतील असं ज्याला वाटतं, त्यानं मुलं पाहिलेली नाहीत.

आता निर्णयांकडं. यशवंतराव चव्हाण आपल्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचे. त्यांच्या आठवणीनं आम्हा सांगलीकरांचा आणि कराडकरांचा ऊर एकदमच भरून येतो. माहितीपटात त्यांना चाळीस सेकंद मिळाले: १ सप्टेंबर १९६५, जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे, लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि वायुदलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडं येतात, यशवंतराव तिथल्या तिथं परवानगी देतात, तासाभरात विमानं आकाशात. ढोल. पुढचं दृश्य थेट ३ सप्टेंबरचं, नॅटनं पाकिस्तानचं सेबर विमान पाडल्याचं.

या दोन दृश्यांच्या मधला भाग कापला आहे, आणि खरा इतिहास तिथंच आहे. त्या संध्याकाळी पठाणकोटहून जी पहिली विमानं उडाली ती व्हॅम्पायर होती, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जन्मलेली, धडाचा पुढचा भाग प्लायवूडचा. त्यांतली चार पाडली गेली. धुराळ्यात आणि मावळतीच्या उजेडात आपल्याच तुकड्यांवरही मारा झाला. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागं घेतली गेली. नॅटची ती प्रसिद्ध झेप या धक्क्यानंतरची आहे. चार विमानं आधी दाखवली असती तर नॅटचं यश अधिक कळलं असतं, असं मला वाटतं. यशवंतरावांचा निर्णयही कळला असता. तीनच वर्षांपूर्वी, १९६२च्या चीन युद्धात, वायुदलानं मालवाहतूक केली, जखमी आणले. पण लढाऊ विमानांना हल्ल्याची आज्ञा मिळालीच नाही. त्या पराभवानंतर यशवंतराव दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. १९६५च्या त्या दुपारी त्यांच्यापुढं १९६२ उभं होतं. त्या पार्श्वभूमीवर दिलेला होकार आणि त्याची त्याच संध्याकाळी मोजावी लागलेली किंमत, दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय त्या माणसाचं धाडस समजत नाही. माहितीपटात १९६२ हे साल आलंच नाही. १९४७-४८च्या श्रीनगरनंतर थेट १९६५.

मिग-२१चंही असंच. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला समारंभानं निरोप दिला, साठ वर्षांहून अधिक सेवा. माहितीपट त्या निरोपाच्या दृश्यांवर विरघळला. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ही विमानं बनली, हे एका ओळीत आलं, त्याबद्दल आभार. पण २०१२मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत जे सांगितलं ते कुठंच नव्हतं: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मेले. सगळा दोष यंत्राचा नव्हता. मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग ठेवून उतरायचं. विशीतली मुलं त्यामानानं मंद प्रशिक्षण विमानांवरून एकदम त्याच्यावर चढायची, कारण मधली पायरी नव्हती. ती पायरी म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं विमान अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फोंतेन समितीनं १९८२मध्ये सांगितलं. अशी विमानं, म्हणजे हॉक, वायुदलात आली २००८मध्ये. सव्वीस वर्षं फाइल फिरत होती. तिच्यावर शेरे मारणाऱ्यांतला एकही माणूस कोसळला नाही. कोसळली ती पोरं. यावर पाच मिनिटं खर्च केली असती तर वायुदलाचा अपमान झाला असता, की त्या १७१ जणांचा मान राहिला असता?

आणि मग विमानाखाली उभे असलेले लोक. या विषयावर मी सभागृहाबाहेर दोघा-तिघांशी बोललो तर 'आता तुमचं सुरू झालं' अशा नजरेनं पाहिलं गेलो. पण विमानातून पहिला बॉम्ब पडला तो १ नोव्हेंबर १९११ला, लिबियात. ज्युलिओ गावोत्ती नावाच्या इटालियन लेफ्टनंटनं हातानं बॉम्ब टाकले. म्हणजे विमान युरोपातल्या शहरांवर घिरट्या घालण्याआधी वसाहतीतल्या माणसांवर वापरलं गेलं. जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १९१९ला, पंजाबातल्या गुजरांवाल्यावर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले, मशीनगन चालवल्या. हंटर समितीपुढं याची चौकशी झाली. भारतीय वायुदलाची सुरुवातीची कामगिरीही ब्रिटिशांच्या हुकमावरून वझिरिस्तानातल्या टोळ्यांवरची आहे. ते आपलं पाप नव्हतं, पण आपल्या वायुदलाचा जन्म कुठल्या घरात झाला हे त्यावरून कळतं.

जास्त अवघड आहे ते मार्च १९६६चं. मिझो बंडाच्या वेळी आपल्याच वायुदलानं आपल्याच ऐझॉलवर, आजच्या मिझोरामच्या राजधानीवर, हल्ला केला. त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतरावच होते. हे लिहिताना माझा हात थोडा अडखळला, कारण घरात त्यांचा फोटो आहे. फोटो तसाच राहील. पण १ सप्टेंबर १९६५चं श्रेय घेताना छाती पुढं करायची आणि सहा महिन्यांनंतरच्या ऐझॉलला 'आम्हाला काय माहीत' म्हणायचं, हे बरोबर नाही. २०२३मध्ये लोकसभेत हा विषय निघाला, तोही एकमेकांची उणीदुणी काढण्यापुरता. ऐझॉलच्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल, हे विचारायचं काम कुणाचं? माहितीपटवाल्याचं नाही तर मग कुणाचं?

आयोजकांपैकी एका सद्गृहस्थांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुलांना प्रेरणा मिळाली पाहिजे, नव्वद मिनिटांत सगळं बसत नाही, आणि फौजेचं वाईट दाखवून काय मिळणार. नव्वद मिनिटांचं उत्तर सोपं आहे. पुष्पकाची नऊ मिनिटं मोकळी करा. प्रेरणेचं उत्तर मला तितकं सोपं वाटत नाही, कारण त्यांची कळकळ खोटी नव्हती. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा राफेल आलं की खुर्चीतून उठत होता. त्याचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. मीही त्या वयात असाच होतो. कवलापूरच्या जुन्या विमानतळावर सायकली घालून जायचो. विमान कधी दिसलं नाही, तरी पुन्हा जायचो. (त्या जागेचं काय करायचं यावर आम्ही सांगलीकर अजून भांडतोच आहोत.) पण तो मुलगा वैमानिक होण्याची शक्यता किती? त्याच्यासारख्या हजारात एखाददुसरा. उरलेल्यांतले काही फिटर होतील, काही इंजिनिअर होतील, काही पुढं मतदार म्हणून संरक्षणाच्या खर्चाबद्दल मत देतील. नव्वद मिनिटांत त्यांच्यासाठी काहीही नव्हतं. ती प्रेरणा हजारातल्या एकापुरतीच होती.

फौजेचं वाईट दाखवण्याबद्दल मात्र मला उलट वाटतं. कारगिलमध्ये मे १९९९च्या शेवटच्या आठवड्यात वायुदलानं पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गमावलं. त्यानंतर पद्धत बदलली, उंची बदलली, मिराज विमानांवर लेझरनं नेम धरणारे बॉम्ब बसवले गेले. चूक कबूल करून आठवड्यांत शिकणारी संस्था ही कौतुकाची गोष्ट आहे. पहिले तीन दिवस कापले की उरतं ते निव्वळ फटाके.

माहितीपटवाल्यांची एक अडचण मी मान्य करतो. कागद मिळत नाहीत. १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३चा. सरकारनं तो अजून जाहीर केलेला नाही. २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण आणलं की साधारण २५ वर्षांनंतर युद्धाची कागदपत्रं खुली करावीत आणि युद्धांचे इतिहास वेळेत लिहून घ्यावेत. त्या हिशेबानं कारगिलची २५ वर्षंसुद्धा २०२४मध्ये भरली. धोरण कागदावर चांगलं आहे. पण त्याचा पाठपुरावा करायला मागणी लागते, आणि ढोल ऐकून समाधानी होणारा प्रेक्षक मागणी करत नाही. ज्या भागानं इतकी माणसं दिली, त्या साताऱ्या-सांगलीतून ही मागणी का उठू नये? आपल्याकडं निवृत्त हवाई सैनिक गावोगाव आहेत. एका कॉलेजानं फोनवरच्या रेकॉर्डरनं त्यांच्या आठवणी नोंदवायला घेतल्या, तरी त्या नव्वद मिनिटांपेक्षा जास्त इतिहास गोळा होईल. त्याला ना परवानगी लागते ना ड्रोन कॅमेरा. अण्णांसारखे लोक सत्तरीकडं झुकलेत, हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

हा मजकूर मी अण्णांना वाचून दाखवला. ऐझॉलच्या परिच्छेदावर ते गप्प राहिले. मिगच्या आकड्यांवर म्हणाले, "त्यातले दोघं माझ्या ओळखीचे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पायलट लोकांबद्दल कडू लिहू नकोस. ते माजलेले नव्हते. उड्डाणाआधी एफ-७०० नावाची वही असते, विमान ठीक आहे म्हणून तिच्यात आधी आम्ही सही करायची, मग पायलटनं करायची आणि जिना चढायचा. एक साहेब होते, ते सही करायच्या आधी माझ्याकडं बघायचे नुसते. मी मान हलवली की सही करायचे."

ती वही माहितीपटात कुठं दिसली का, असं मी त्यांना विचारलं नाही. द्राक्षांना औषध मारायचं होतं, ते उठले.